टूरिंगसाठी मोटरसायकल: नवी घ्यावी की वापरलेली? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका वाक्यात सांगा, नवी की वापरलेली?

बहुतेकांसाठी तीन ते पाच वर्षे वापरलेली, सर्व्हिसची बिले जपून ठेवलेली गाडी. नव्या गाडीची किंमत पहिल्या दोन-तीन वर्षांत सर्वांत वेगाने उतरते. तो फटका पहिल्या मालकाने सोसलेला असतो आणि यंत्र मात्र फारसे झिजलेले नसते. मोठ्या टूरिंग इंजिनात तेल वेळेवर बदलले गेले असेल तर पन्नास-साठ हजार किलोमीटर म्हणजे म्हातारपण नव्हे.

मात्र वरच्या वाक्यातली बिलांची अट गाळू नका. जिचा इतिहास कुणालाच सांगता येत नाही अशा स्वस्त गाडीपेक्षा एक पायरी लहान पण नवी गाडी केव्हाही बरी.

मग नवी गाडी नेमकी कोणी घ्यावी?

जो आठ-दहा वर्षे तीच गाडी ठेवणार आहे त्याने. सुरुवातीची घसरण इतक्या वर्षांवर विभागली की वर्षाकाठी फरक थोडाच उरतो. ज्याच्या हाताशी भरवशाचा मेकॅनिक नाही आणि स्वतःला पाना धरायची आवड नाही, त्यानेही वॉरंटीचे पैसे मोजावेत. तिसरा गट कर्जावर गाडी घेणाऱ्यांचा. वापरलेल्या गाडीवरच्या कर्जाला व्याज बहुधा जास्त लागते, त्यामुळे किमतीतला फरक कागदावर दिसतो तेवढा राहत नाही. हप्त्यांची एकूण बेरीज करूनच तुलना करा.

नवी गाडी टूरिंगला नेहमीच सरस असते ना?

नाही. होंडाने २०१८ मध्ये गोल्ड विंग ही आपली मोठी टूरिंग गाडी नव्याने आणली तेव्हा वजन घटले आणि ॲव्हरेज सुधारले, पण टाकी २५ लिटरवरून सुमारे २१ लिटरवर आली आणि सामानाची जागाही आक्रसली. जोडीने, भरपूर सामान घेऊन फिरणाऱ्याला जुने मॉडेल आजही सोयीचे वाटू शकते. नवेपणाचा खरा फायदा सुरक्षेच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये आहे. मोटरसायकलला एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) पहिल्यांदा मिळाले ते १९८८ मध्ये, बीएमडब्ल्यू के१०० ला. गाडी वळणात कललेली असतानाही काम करणारे एबीएस केटीएमच्या ११९० ॲडव्हेंचरच्या २०१४ च्या मॉडेलपासून दिसू लागले. घाटातल्या ओल्या वळणावर त्याचे मोल कळते. त्यामुळे वापरलेली गाडी शोधतानाही एबीएस नसलेली गाडी शक्यतो यादीतून काढून टाका.

दोन्हींच्या खर्चाची तुलना कशी करायची?

किमतीची किमतीशी तुलना करू नका. पहिल्या लांब प्रवासाला गाडी निघेल तोवर एकूण किती पैसे गेलेले असतील, ते दोन्ही बाजूंना मांडा.

नव्या गाडीच्या बाजूला किंमत, नोंदणी, विमा, पहिली सर्व्हिसिंग आणि बाजूच्या पेट्या, त्यांच्या फ्रेम, क्रॅशगार्ड, उंच काच, डबल स्टँड, गरम होणाऱ्या मुठी असे सगळे सुटे सामान येते. शोरूममधल्या पाटीवरची किंमत अनेकदा यांच्याशिवायची असते आणि यादी पुरी झाली की आकडा चांगलाच फुगतो.

वापरलेल्या गाडीच्या बाजूला किंमत आणि नावावर करण्याचा खर्च. शिवाय असे धरून चला की दोन्ही टायर, चेनसेट, ब्रेक पॅड, बॅटरी आणि सगळी तेले बदलावी लागणार. यातले काही बदलावे लागले नाही तर आनंदच. यासाठी गाडीच्या किमतीच्या १५ ते २० टक्के रक्कम बाजूला ठेवा. तेवढी ठेवूनही गाडी परवडत नसेल तर ती गाडी परवडत नाही.

किती किलोमीटर झालेली गाडी 'जास्त चाललेली' समजायची?

आकडा एकटा काही सांगत नाही. हायवेवर गरम इंजिनाने, वरच्या गिअरमध्ये काढलेले चाळीस हजार किलोमीटर हे शहरातल्या सिग्नलवर क्लच दाबत काढलेल्या पंधरा हजारांपेक्षा गाडीला सोपे जातात.

याउलट दहा वर्षांची आणि फक्त आठ हजार किलोमीटर झालेली गाडी पाहून हुरळून जाऊ नका. उभ्या गाडीचे सील वाळतात, टायर कडक होतात, टाकीत गंज धरतो, जुन्या पेट्रोलचा चिकट थर कार्बोरेटरच्या जेटमध्ये किंवा इंजेक्टरमध्ये बसतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, त्यातून कॅलिपरचे (ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाचे) पिस्टन अडकतात. अशी गाडी पहिले दोन-तीन हजार किलोमीटर छान चालते आणि मग एकेक ठिकाणी गळायला लागते. वर्षाला सात ते दहा हजार किलोमीटर चाललेली गाडी आम्हाला सर्वांत निरोगी वाटते.

ओडोमीटरचा आकडा खरा आहे का, ते कसे कळते?

हात आणि पाय जिथे टेकतात तिथे पाहा. मुठींचे रबर, गिअर लिव्हर आणि ब्रेक पेडलची टोके, फूटरेस्टचे रबर, सीटचा पुढचा भाग, टाकीवर गुडघे घासतात ती जागा. बारा हजार किलोमीटरच्या गाडीचे गिअर लिव्हर गुळगुळीत झालेले नसते. उलट जुन्या गाडीला कोऱ्या मुठी आणि कोरे फूटरेस्ट दिसले तर का बदलले ते विचारा. सर्व्हिसच्या बिलांवर तारखेसोबत किलोमीटर लिहिलेले असतात, ते क्रमाने लावले की खोटेपणा लपत नाही.

गाडी बघायला जाताना सोबत काय न्यावे?

टॉर्च, मल्टिमीटर, टायरची खोली मोजायचे गेज, जुने फडके आणि रायडिंगचे कपडे. जमल्यास एक जाणकार, ज्याला ती गाडी आवडलेली नाही. विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की तुम्ही पोहोचेपर्यंत इंजिन सुरू करू नका. गेल्यावर आधी इंजिनाच्या बाजूला हात लावून पाहा. कोमट लागले तर थंड इंजिनाचे दोष झाकले गेलेत असे धरा आणि गार होईपर्यंत थांबा.

उभ्या गाडीत काय काय तपासायचे?

खाली गळती आहे का, हे सर्वांत आधी. गाडी हलवली तरी जमिनीवरचा डाग तिथेच राहतो.

मग टायर. बाजूवर लांबट चौकटीत चार अंक असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, नंतरचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. पाच वर्षांहून जुना टायर नक्षी कितीही चांगली असली तरी सामान लादून लांब जाण्यासाठी धरू नका. मागचा टायर मधोमध सपाट झाला असेल तर गाडी हायवेवर चालली आहे. तो दोष नाही, पण वळणात गाडी अडखळल्यासारखी वाटेल. पुढच्या टायरवर लाटांसारखे उंचवटे असतील तर हवा कमी ठेवल्याची किंवा पुढचे सस्पेन्शन थकल्याची शंका घ्या.

गाडी डबल स्टँडवर घेऊन कुणाला तरी मागे दाबायला सांगा, म्हणजे पुढचे चाक अधांतरी होईल. हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत अगदी सावकाश फिरवा. मधोमध, म्हणजे सरळ रेषेत, ते खाचेत बसल्यासारखे किंचित अडकले तर हँडलचे बेअरिंग संपले. हायवेवर सरळ चालताना बेअरिंगच्या गोळ्या त्याच जागी ठोके खातात, म्हणून खड्डा नेमका मध्ये पडतो. आता फोर्क (पुढचे चाक धरणाऱ्या दोन नळ्या) खालून धरून पुढे-मागे ओढा. ठक्क आवाज आला तर बेअरिंग सैल आहे. चाक वर-खाली धरून हलवले की चाकाच्या बेअरिंगचा खेळ कळतो, आणि मागचे चाक आडवे हलवले की स्विंगआर्मचा, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या दांड्याचा.

फोर्कच्या चकचकीत नळीवर तेलाची कडी दिसली तर सील गळते आहे. नुसते सील महाग नसते. नखाने नळी चाचपून पाहा. सील जिथून घसरते त्या भागात दगडाने पडलेला खड्डा असेल तर नवे सीलही काही दिवसांत फाटणार, आणि नळीचा खर्च मोठा असतो. गळलेले तेल पुढच्या ब्रेक पॅडवर उतरले असेल तर पॅडही गेले.

मागचा भाग दोन्ही हातांनी दाबून सोडा. एकदा वर येऊन स्थिरावला पाहिजे. दोन-तीनदा हेलकावला तर शॉक ॲब्सॉर्बर संपला. सामानासाठी स्प्रिंग घट्ट करायचा नॉब फिरतो का, ते पाहा. वर्षानुवर्षे कुणी हात न लावल्याने तो जाम झालेला असतो.

ब्रेक डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, तिच्याशी मोजून पाहा. ब्रेक ऑइल चहासारखे दिसत असेल तर दोन वर्षांत बदललेले नाही. कुलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) झाकण फक्त थंड इंजिनावर उघडा. वर तेलकट साय किंवा तपकिरी गाळ असेल तर तिथूनच परत फिरा.

इंजिन सुरू केल्यावर काय ऐकायचे, काय बघायचे?

थंड इंजिन सुरू होताना दोन-तीन सेकंद कॅम चेनची (इंजिनाच्या आतल्या, वाल्व्ह चालवणाऱ्या साखळीची) खडखड चालते. तेलाचा दाब चढला की ती थांबायला हवी. गरम झाल्यावरही चालू राहिली तर ती ताणून धरणारा टेन्शनर किंवा चेन गेली. निळा धूर म्हणजे इंजिन तेल जाळते आहे, काळा म्हणजे पेट्रोल जास्त. थंड हवेत सुरुवातीला पांढरी वाफ दिसते, ती निरुपद्रवी. गोडसर वासाचा पांढरा धूर थांबतच नसेल तर कुलंट सिलिंडरमध्ये शिरते आहे.

बॅटरी आणि चार्जिंग कसे मोजायचे?

टूरिंगमध्ये वाटेत दगा देणाऱ्या गोष्टींत हे वरच्या क्रमांकावर आहे, आणि मोजायला दोन मिनिटे पुरतात. नेहमीच्या लेड-ॲसिड बॅटरीवर इंजिन बंद असताना १२.६ ते १२.८ व्होल्ट हवेत. स्टार्टर मारताना १० च्या फार खाली जाऊ नयेत. इंजिन सुमारे चार हजार आरपीएमवर धरून हेडलाइट लावल्यावर १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. १३ च्या आसपासच अडकले तर वीज बनवणारी स्टेटर कॉइल किंवा व्होल्ट आटोक्यात ठेवणारा रेग्युलेटर गेलेला आहे. १५ च्या वर गेले तर रेग्युलेटर बॅटरी उकळून टाकणार.

सीट उचलून आधीच्या मालकाने जोडलेल्या वायरीही पाहा. जादा दिवे, हॉर्न, चार्जर फ्यूजशिवाय थेट बॅटरीला जोडलेले असतील, काळ्या टेपने गुंडाळलेले सांधे असतील, तर ते सगळे उकरून नव्याने करावे लागेल.

एबीएसचा दिवा लागत नाही, म्हणजे सगळे ठीक ना?

उलट! किल्ली फिरवल्यावर एबीएसचा आणि इंजिनाचा, दोन्ही दिवे लागलेच पाहिजेत. इंजिनाचा दिवा लगेच विझतो. एबीएसचा दिवा गाडी काही मीटर पुढे गेल्यावर विझतो, कारण चाकांचे सेन्सर तेव्हाच तपासले जातात. सुरुवातीला दिवा लागलाच नाही तर कुणीतरी तो निकामी करून दोष लपवला आहे. एबीएसच्या पंपाची किंमत ऐकली की असे का करतात ते समजते.

चेनची गाडी बरी की शाफ्टची?

टूरिंगला शाफ्ट, म्हणजे चेनऐवजी मागचे चाक फिरवणारा बंद दांडा, सोयीचा. रोज तेल घालणे नाही, ताणणे नाही. ठरलेल्या अंतराने गिअर ऑइल बदलले की झाले. वापरलेल्या गाडीत मागच्या चाकाजवळच्या गिअरपेटीभोवती तेलाचा ओलावा आहे का आणि चाक आडवे हलवल्यावर खेळ आहे का, हे पाहा. तिथले काम निघाले तर चेनसेटच्या कितीतरी पट खर्च येतो.

चेन असेल तर मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला बोटाने मागे ओढा. दाताचा अर्ध्याहून जास्त भाग उघडा पडला तर चेन संपली. चाक फिरवत चार-पाच जागी ढिलाई पाहा. एका जागी घट्ट, दुसरीकडे सैल असेल तर चेन असमान ताणली आहे आणि ती जुळवता येत नाही. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदला. जुन्या दातांवर नवी चेन लवकर खराब होते.

वाल्व्ह क्लिअरन्सबद्दल सगळे एवढे का विचारतात?

वाल्व्ह क्लिअरन्स म्हणजे इंजिनाच्या वाल्व्हजवळ ठेवलेली बारीक फट, ती ठरावीक किलोमीटरनंतर मोजून जुळवावी लागते. विचारतात, कारण ते सर्वांत महागड्या सर्व्हिसपैकी एक काम आहे आणि गाडी विकायची वेळ अनेकदा त्याच्या आधी येते. किती किलोमीटरने तपासायचे, ते मॉडेलनुसार खूप बदलते. बीएमडब्ल्यूच्या हवा-तेलाने थंड होणाऱ्या जुन्या बॉक्सर इंजिनात दर १० हजार किलोमीटरला तपासायचे असते, पण सिलिंडर बाहेर आलेले असल्याने काम सोपे आहे. यामाहा एफजेआर१३०० ला सुमारे ४२ हजार किलोमीटरला, तर डुकाटी मल्टिस्ट्राडा व्ही४ ला ६० हजारला. अंतर मोठे तसे कामही मोठे. फेअरिंग (गाडीवरचे प्लास्टिकचे आवरण), टाकी, रेडिएटर बाजूला करून चार सिलिंडरच्या डोक्यापर्यंत पोहोचायला मजुरीचे तास लागतात. चाळीस हजार किलोमीटर झालेली एफजेआर 'सर्व्हिस अगदी अपटुडेट' म्हणून समोर आली तर पहिला प्रश्न हाच.

चालवून बघताना कशाकडे लक्ष द्यावे?

किमान वीस मिनिटे चालवा, त्यात मोकळा रस्ता हवा. दुसऱ्या गिअरमध्ये चढावर जोराने ॲक्सिलरेटर द्या. गिअर सुटून न्यूट्रल झाला तर गिअरबॉक्स उघडावा लागेल. वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवरून पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. आरपीएम चढले आणि वेग तसाच राहिला तर क्लच प्लेट घसरताहेत. हलका ब्रेक लावल्यावर लिव्हर बोटांखाली धडधडली तर डिस्क वाकडी आहे. ॲक्सिलरेटर सोडून वेग उतरताना हँडल थरथरले तर पुढचा टायर किंवा हँडलचे बेअरिंग संशयित. अशी थरथर तपासायला हात सोडू नका.

गाडी पडलेली असेल तर घेऊच नये का?

जागेवर उभी असताना आडवी झालेली गाडी घ्यायला हरकत नाही. टूरिंग गाड्या जड असतात, उभ्या उभ्या पडतातच. लिव्हरचे टोक, हँडलचे टोक, पेटीचा कोपरा आणि इंजिनाचे झाकण अशा ठरावीक जागी खरचटलेले दिसते. वेगात आदळलेल्या गाडीची खूण वेगळी. हँडल पूर्ण वळल्यावर जिथे टेकते त्या लोखंडी अडसराला चेप किंवा ताजा रंग, फ्रेमच्या पुढच्या जोडाजवळ रंगाला तडे, समोरून पाहता एका रेषेत नसलेली चाके. यांपैकी एक जरी दिसले तरी भाव कितीही उतरला तरी नको.

टूरिंग गाडीत आणखी एक जागा बघायची राहून जाते. मागच्या कॅरिअरखालची सबफ्रेम, म्हणजे सीट आणि मागचे सामान पेलणारा फ्रेमचा भाग. टॉपबॉक्समध्ये क्षमतेपेक्षा जास्त वजन घालून खड्ड्यांतून फिरल्याने तिथल्या वेल्डिंगला चिरा जातात. सीट काढून टॉर्चने पाहा.

पेट्या, काच, दिवे असे सुटे सामान असलेल्या गाडीला जास्त पैसे द्यावेत का?

थोडे. मालक पावत्यांची बेरीज सांगेल, ती ऐकून घ्या आणि बाजूला ठेवा. तुम्हाला स्वतःला ज्या वस्तू घ्याव्याच लागल्या असत्या त्यांच्या नव्या किमतीच्या फार तर निम्मे धरा. बाकीच्यांचे शून्य. कर्कश सायलेन्सर असेल तर मूळ सायलेन्सर सोबत मागून घ्या.

जोडीने आणि सामानासह फिरायचे आहे. वजनाचा हिशेब कसा करू?

परवानगी असलेल्या एकूण वजनातून पेट्रोलसह गाडीचे वजन वजा करा. समजा ४५० किलोमधून २५५ गेले, उरले १९५. हेल्मेट, बूट, कपड्यांसह चालक ८३ आणि मागे बसणारे ७३ किलो धरले तर ३९ उरतात. तीन रिकाम्या पेट्याच १५ किलोच्या. म्हणजे दोघांच्या सगळ्या सामानाला २४ किलो. हे गणित बऱ्याच मध्यम आकाराच्या गाड्यांवर जुळत नाही आणि ते खरेदीनंतर लक्षात येते. वापरलेली मोठी गाडी की नवी मध्यम गाडी, असा पेच असेल तर निर्णय बहुधा इथेच लागतो.

कागदपत्रांत काय तपासायचे?

चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक गाडीवर स्वतः वाचून कागदाशी जुळवा. १७ अंकाक्षरी चासी क्रमांकात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरे वापरत नाहीत. दिसली तर गडबड आहे. आकड्यांभोवती घासल्याच्या खुणा असतील तर निघून या. कर्ज फिटल्याचा लेखी पुरावा पैसे देण्याआधी हातात हवा. चासी क्रमांक देऊन कंपनीला रिकॉलची (कंपनीने दोष दुरुस्त करायला गाड्या परत बोलावल्याची) कामे झाली आहेत का ते विचारा, ती सहसा फुकट होतात. दोन्ही किल्ल्या मागा आणि पेट्यांच्याही. इमोबिलायझर (योग्य किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या काही गाड्यांत शेवटची किल्ली हरवली तर इंजिनाचा कंट्रोल युनिटच बदलावा लागतो.

शोरूमची डेमो गाडी किंवा गेल्या वर्षीचे मॉडेल कसे?

नव्या आणि वापरलेल्याच्या मधला हा चांगला पर्याय. वॉरंटी कोणत्या तारखेपासून मोजली जाते ते लिहून घ्या. डेमो गाडीवर थंड इंजिनाने अनेकांनी हात साफ केलेला असतो, म्हणून पहिली सर्व्हिस वेळेवर झाल्याची नोंद पाहा.

नवी गाडी घेऊन लगेच लांबच्या प्रवासाला निघता येईल का?

पहिली सर्व्हिस होईपर्यंत थांबा. ती साधारण १,००० किलोमीटरला असते. तोवर आरपीएम सतत बदलते ठेवा. हायवेवर तासन्‌तास एकाच वेगाने चालवणे या काळात चांगले नाही. नव्या भागांच्या घासण्यातून सुटलेले धातूचे कण पहिल्या तेलासोबत बाहेर पडतात, म्हणून हे तेल पुढे ढकलू नये. नवे टायर पहिले शे-दोनशे किलोमीटर गुळगुळीत असतात. वळणे हळू घ्या.

आणि वापरलेली घेतल्यावर?

मालकाने काहीही सांगितलेले असो, इंजिन ऑइल आणि फिल्टर, ब्रेक ऑइल, कुलंट, एअर फिल्टर बदला. शाफ्ट असेल तर त्याचे तेलही. तारीख आणि किलोमीटर वहीत लिहा. मग घरापासून दोन-तीनशे किलोमीटरच्या आत, पूर्ण सामान लादून, एक रात्र मुक्कामाची फेरी करा. परत आल्यावर गाडी गार होऊ द्या आणि टॉर्च घेऊन तीच तपासणी पुन्हा करा. सैल झालेले नटबोल्ट, पाझरणारे सील, घासणारी वायर आता दिसेल. लांबचा बेत त्यानंतर आखा.